एसला जगायचं होतं

अलाबास्ताच्या वाळवंटात निरोप घेताना एस आपल्या धाकट्या भावाला, लुफीला, कागदाचा एक कोरा तुकडा देतो. नीट जपून ठेव, हा आपली पुन्हा गाठ घालून देईल, इतकंच सांगतो. लुफीला त्यातलं काही कळत नाही. तो कागद टोपीच्या फितीत शिवून घेतो आणि विसरून जातो. पुढे कित्येक प्रकरणांनंतर तो कागद कडेकडेनं जळू लागतो. माणसाच्या नखापासून बनवलेला हा कागद, मालक जिथे असेल तिकडे सरकत राहणारा. मालकाचा जीव विझत चालला की कागदही आक्रसत जातो. लुफीच्या तळहातावर त्याचा भाऊ असा राख होत जातो आणि तिथून जपानी चित्रकथांच्या इतिहासातली एक सर्वांत गाजलेली शोकांतिका सुरू होते.

‘वन पीस’ ही एइचिरो ओदा यांची मांगा मालिका. जुलै 1997 मध्ये शुएइशा प्रकाशनाच्या ‘साप्ताहिक शोनेन जंप’मध्ये ती सुरू झाली, तेव्हा कुमामोतोत जन्मलेले ओदा अवघे बावीस वर्षांचे होते. 1999 च्या ऑक्टोबरपासून तोएइनं तिचं अ‍ॅनिमे सुरू केलं. 2015 मध्ये एकाच लेखकाच्या चित्रकथेच्या सर्वाधिक छापील प्रतींचा गिनेस विक्रम तिच्या नावे नोंदला गेला, तेव्हा आकडा 32 कोटींच्या वर होता. पुढे तो 50 कोटींपलीकडे गेला. आपल्याकडच्या कॉलेजच्या पोरांच्या टी-शर्टवर गवती टोपी घातलेला जो हसरा मुलगा दिसतो, तो हाच लुफी. त्याच्याशेजारी कधी कधी केशरी टोपीचा, उघड्या अंगाचा, मुठीतून ज्वाळा फेकणारा तरुण असतो. तो पोर्टगस डी. एस. वयाच्या विसाव्या वर्षी मेलेला. कथा जुनी आहे, त्यामुळे शेवट सांगून टाकतो आहे. खरं तर शेवट माहीत असूनही ती पुन्हा वाचावीशी वाटते, म्हणूनच हा लेख.

एस जन्मला तोच दोषी ठरून. त्याचा बाप गोल डी. रॉजर, समुद्री चाच्यांचा राजा. सरकारनं त्याला लोगटाउनला जाहीर देहदंड दिला. मरताना तो असं काही बोलला, की जगभरचे लोक चाचे व्हायला घराबाहेर पडले. राजा गेला, पण राजाचा अंश कुठे पोटात वाढतो आहे का, याचा शोध नौदलानं घेतला. गर्भार बायका, नुकती जन्मलेली मुलं, कुणी सुटलं नाही. बाटेरिला बेटावरच्या पोर्टगस डी. रूजनं हे बाळ वीस महिने पोटात लपवून ठेवलं, केवळ तारखांचा हिशेब चुकवण्यासाठी. बाळंत झाली आणि गेली. रॉजरनं मरण्याआधी होणारं मूल ज्याच्या हवाली केलं, तो त्याचा आयुष्यभराचा शत्रू होता: नौदलाचा गार्प. आणि गार्पनं ते डोंगरातल्या दरोडेखोरांच्या म्होरकीकडे, दादानकडे, सोपवलं.

मराठी वाचकाला इथे कर्ण आठवणारच. पण दुखणं उलटं आहे. कर्णाला आपलं कुळ लपल्याचं दुःख. एसला आपलं कुळ उघड होण्याची भीती. लहानगा एस गावातल्या टवाळांना विचारत फिरायचा, रॉजरला मुलगा असता तर? उत्तरं ठरलेली असत: मेलेला बरा, हाल हाल करून मारावा. मग एस त्यांना बेदम मारून यायचा. एकदा त्यानं गार्पला सरळ विचारलं, मी जन्मलो ते बरं झालं का? गार्प म्हणाला, ते जगशील तसं कळेल. ओदा यांनी संपूर्ण पात्र या एका प्रश्नावर उभं केलं आहे, असं मला वाटतं. आगीची ताकद फार पुढची. लुफीला चाच्यांचा राजा व्हायचं आहे. एसला फक्त या प्रश्नाचं उत्तर हवं आहे.

त्याचं बालपण ग्रे टर्मिनल नावाच्या कचऱ्याच्या डोंगराभोवती गेलं. पलीकडे उंच भिंत, भिंतीआड सुखवस्तू शहर, अलीकडे टाकून दिलेल्या वस्तू आणि टाकून दिलेली माणसं. तिथे साबो भेटला, भिंतीआडच्या मोठ्या घरातून पळालेला. मग सात वर्षांचा लुफी आला. गार्पचा नातू, कितीही हाकललं तरी मागे मागे येणारा. एका सकाळी तिघांनी दादानची साके चोरून प्याल्यांत ओतली आणि भाऊ झाले. जपानात साकेचा प्याला वाटून घेऊन नातं जोडण्याची रीत खरोखरच आहे. याकुझा टोळ्यांत बाप-लेकाचं आणि भावाभावाचं नातं याच विधीनं पक्कं होतं. रक्तावरून झिडकारलेल्या मुलाच्या कथेत लेखकानं नेमका हा विधी आणावा, याला मोल आहे.

त्याच काळातला एक प्रसंग पुढच्या सगळ्याची किल्ली आहे. शाही पाहुणे येणार म्हणून सरदार मंडळी कचऱ्याचा डोंगर माणसांसकट पेटवून देतात. धुरात चाचा ब्लूजॅम मुलांना गाठतो. सगळे पळतात, दहा वर्षांचा एस पळत नाही. दादान बजावते, तरी नाही. नंतर तो सांगतो, पळालो तर काहीतरी मोलाचं हरवेल अशी भीती वाटते. आणि तेव्हा माझ्या मागे लुफी होता. साबो मात्र हरवतो. समुद्रावर त्याच्या होडीवर गोळा पडतो आणि तो मेला असंच सगळे धरून चालतात. पुढे एसच्या दंडावर त्याचं स्वतःचं नाव इंग्रजीत गोंदलेलं दिसतं: चार अक्षरं, त्यातलं जादा ‘S’ हे अक्षर फुली मारलेलं. ती फुली साबोच्या झेंड्याची खूण.

सतराव्या वर्षी एस समुद्रावर निघाला. मेरा मेरा नावाचं सैतानी फळ खाल्लं आणि त्याचा देहच अग्नी झाला. या जगात अशी फळं खाणाऱ्याला अद्भुत शक्ती मिळते आणि पोहणं कायमचं जातं. एसचं फळ त्यातल्या दुर्मीळ वर्गातलं. गोळी मारा, तलवार चालवा, वार ज्वाळेतून आरपार जातो. त्याला ‘आगीची मूठ’ म्हणू लागले. सरकारनं मानाचं पद देऊ केलं, ते त्यानं नाकारलं. बापापेक्षा मोठं नाव करायचं म्हणून तो जगातल्या सर्वांत बलाढ्य चाच्यावर, व्हाइटबिअर्डवर, चालून गेला. हरला. व्हाइटबिअर्डनं त्याला मारलं नाही. माझा मुलगा हो म्हणाला. एस जहाजावर राहिला आणि त्याच म्हाताऱ्याच्या खुनाचे प्रयत्न करत राहिला, शंभरावर वेळा. म्हातारा प्रत्येक वेळी त्याला भिंतीपलीकडे फेकून देऊन पुन्हा झोपायचा.

मला हा भाग फार आवडतो, कारण इथे ओदा घाई करत नाहीत. ज्याला प्रेमाची सवय नाही, तो प्रेमावर हल्लाच करतो. अखेर एका रात्री एस जहाजावरच्या मार्कोला विचारतो, तुम्ही सगळे त्याला बाप का म्हणता? मार्को सांगतो, तो आम्हाला मुलगा म्हणतो म्हणून. जगानं आम्हाला ओवाळून टाकलं आहे, नुसता शब्द असला तरी बरं वाटतं. एस रडतो. पाठभर व्हाइटबिअर्डची खूण गोंदवून घेतो. आपण कुणाचं पोर आहोत हे घाबरत घाबरत सांगतो, तर म्हातारा म्हणतो, सगळी समुद्राचीच लेकरं. विषय तिथेच संपतो.

पुढचं थोडक्यात सांगतो. टीच नावाचा सोबती एका फळासाठी साथीदाराचा खून करून पळतो. व्हाइटबिअर्ड नको म्हणत असताना एस पाठलाग करतो, बनारो बेटावर हरतो आणि टीच त्याला सरकारच्या ताब्यात देतो. मरीनफोर्डला नौदलाचे लाखभर सैनिक जमतात. देहदंडाच्या चौथऱ्यावर एस, फळाची शक्ती खाऊन टाकणाऱ्या सागरी दगडाच्या बेड्या हातात. तो रॉजरचा मुलगा आहे, हे तिथे जगाला जाहीर केलं जातं. शेजारी गार्प बसून रडतो आहे: सांगितलं तसं का जगला नाहीस?

आणि मग समुद्रातून जहाजं वर येतात. व्हाइटबिअर्ड आपलं सगळं घेऊन आला आहे. एस ओरडतो, परत जा, मी तुमचं न ऐकता गेलो होतो! म्हातारा सगळ्यांदेखत धडधडीत खोटं बोलतो: मीच जा म्हणालो होतो, पोरा. लुफी एसला ठेवलेला तुरुंग फोडून, विष पचवून तिथे पोहोचतो. एस त्यालाही हाकलतो. लुफी म्हणतो, मी तुझा भाऊ आहे, नियमबियम मला माहीत नाहीत.

बहुतेक चाहते एसची कथा बलिदानाची म्हणून सांगतात. मला ते अपुरं वाटतं. दुसऱ्यासाठी जीव द्यायला एस दहाव्या वर्षीच तयार होता; कचऱ्याच्या आगीत आपण ते पाहिलं. आपल्यासाठी कुणी जीव द्यावा, एवढं आपलं मोल आहे, हे मान्य करायला मात्र त्याला वीस वर्षं लागली. चौथऱ्यावर तो मरणाला तयार होऊनच बसला होता. आपली माणसं एकामागून एक पडताना पाहून त्याच्या डोळ्यांना धारा लागतात आणि तो मनाशी कबूल करतो, की मी किती वाकडा. हे सगळे माझ्यासाठी रक्त सांडताहेत आणि मला आनंद होतो आहे. आता कुठे जीव प्यारा वाटू लागला आहे. प्रेमानं त्याला मरायला शिकवलं नाही. प्रेमानं त्याला जगावंसं वाटायला लावलं, तेही अगदी उशिरा. मृत्यूची धग त्यामुळेच आहे. जगायची इच्छा नसलेला माणूस मेला तर हळहळ वाटते. जिला नुकतीच सुरुवात झाली ती इच्छा मेली, की वाचणाऱ्याला सहन होत नाही.

लुफी बेड्या सोडवतो. दोघं भाऊ पाठीला पाठ लावून लढत परतत असतात. तेवढ्यात नौसेनापती अकाइनू व्हाइटबिअर्डची अवहेलना करतो आणि एस थांबतो, वळतो. यावरून आजही वाद होतात: एवढं सगळं झाल्यावर दोन शब्द ऐकून थांबणं हा मूर्खपणा नाही का? मूर्खपणा आहे. पण तो नवा नाही. मागे काहीतरी मोलाचं असताना पाठ दाखवता न येणं, हा त्याचा जुना दोष आणि जुनं प्रेम, दोन्ही एकच. अकाइनूचा देह लाव्ह्याचा. आगीलाही जाळू शकणारा. त्यानं निशाणा लुफीकडे वळवला. ज्याच्या देहातून सगळे वार आरपार जात, तो एस भावापुढे आला आणि तो एक वार त्यानं अंगावर थोपवला.

भावाच्या खांद्यावर डोकं टेकून तो जे बोलतो, त्यात पराक्रमाचं काही नाही. नीट वाचवून घेता आलं नाही म्हणून क्षमा मागतो. साबो भेटला नसता आणि तुझ्यासारखं सांभाळायला लागणारं भावंड नसतं, तर मला जगावंसंच वाटलं नसतं म्हणतो. दादानला नमस्कार सांगतो. आपल्याला नावलौकिक नको होता, जन्मलो ते बरं झालं का एवढंच हवं होतं, हे त्याला तिथे उमगतं. शेवटी सगळ्यांचे आभार मानतो, आपल्यासारख्यावर, या रक्ताच्या माणसावर, प्रेम केल्याबद्दल. मांगाचं 574 वं प्रकरण, 2010. त्याच्या शीर्षकातच त्याचं मरण आहे. पाठोपाठ व्हाइटबिअर्ड उभ्या उभ्या मरतो: 267 तलवारींचे वार, 152 गोळ्या, 46 तोफगोळे, आणि पाठीवर एकही जखम नाही.

ओदा त्यानंतर युद्धाचा जल्लोष दाखवत नाहीत, मागे राहिलेल्यांकडे वळतात. गावी परतलेल्या गार्पला दादान सोटा घेऊन बडवते, तू तिथे होतास, का नाही वाचवलंस म्हणून. आणि मग स्वतःच म्हणते, सर्वांत जास्त दुखत असेल ते लुफीला. साबो जिवंत असतो, स्मृती गेलेला. एसच्या मृत्यूची बातमी वर्तमानपत्रात वाचताच त्याला सगळं आठवतं आणि तो कोसळतो. पुढे ड्रेसरोसाच्या आखाड्यात मेरा मेरा फळ बक्षीस म्हणून लागतं, तेव्हा ते दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ नये म्हणून तो मैदानात उतरतो आणि स्वतः खातो. लुफी मात्र युद्धानंतर एका बेटावर झाडं-दगड फोडत, स्वतःला रक्तबंबाळ करत ओरडत राहतो: कसला राजा होणार, मी तर दुबळा आहे. एसचा तुरुंगातला सोबती जिन्बे त्याला दाबून धरतो आणि विचारतो, गेलं ते गेलं. तुझ्याकडे अजून काय आहे? लुफी आपल्या सोबत्यांची नावं बोटांवर मोजू लागतो. झोरो, नामी, उसोप, सांजी... आणि रडत रडत म्हणतो, माझी माणसं आहेत.