जमिनीवरचा तोल : रेडिओ-नियंत्रित विमानप्रतिकृती उडवण्याआधी

रेडिओ-नियंत्रित विमानप्रतिकृती हवेत कशी वागेल, हे बरेचसे ती टेबलावर असतानाच ठरते. ती उडवणारा जमिनीवर उभा असतो. शेपूट जड झाल्याचे त्याला अंगाने जाणवत नाही. डोळ्यांना दिसेल तेव्हाच कळते, आणि तोवर सावरायला उंची उरलेली नसते. म्हणून विमान पहिल्यांदा मैदानावर नेण्याआधी तोल, नियंत्रणे, मोटर आणि रेडिओ यांची तपासणी याच क्रमाने पूर्ण करावी.

सुरुवात गुरुत्वमध्यापासून होते. साध्या, उंच पंखाच्या शिकाऊ विमानात गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या साधारण २५ ते ३३ टक्के अंतरावर ठेवतात. पंखाची रुंदी सर्वत्र २४० मिलिमीटर असेल, तर ही जागा कडेपासून ६० ते ८० मिलिमीटरच्या पट्ट्यात येते. नकाशात दिलेला आकडा अर्थातच प्रमाण मानावा. पहिल्या उड्डाणाला त्या मर्यादेतली पुढची बाजू धरावी. नाक थोडे जड असलेले विमान सुस्त वाटते आणि उतरताना वेग मागते, पण ऐकते. शेपूट जड झाले की एलिव्हेटरच्या (शेपटीच्या आडव्या पृष्ठाच्या हलत्या भागाच्या) जराशा हालचालीनेही ते उसळते आणि सावरता येत नाही.

तोल पाहताना विमान उड्डाणाच्या पूर्ण तयारीत असावे : बॅटरी, प्रोपेलर, चाके, सगळे जागच्या जागी. इंधनावर चालणाऱ्या विमानात मात्र टाकी रिकामी ठेवतात. टाकी गुरुत्वमध्याच्या पुढे असते. इंधन संपत जाते तसे नाक हलके होते आणि उतरण्याच्या वेळीच शेपूट सर्वांत जड ठरते. पंखाखाली दोन्ही बाजूंना ठरलेल्या जागी खूण करून विमान दोन बोटांच्या टोकांवर उचलतात. पंख खालच्या अंगाला असेल, तर विमान उलटे धरतात. नाक किंचित खाली राहून ते स्थिर झाले, म्हणजे तोल जमला.

जमला नाही तर हिशेब सोपा आहे. १२०० ग्रॅम वजनाच्या विमानाचा गुरुत्वमध्य १० मिलिमीटर मागे पडला, तर १२,००० ग्रॅम-मिलिमीटर इतका तोल पुढे आणायचा असतो. इष्ट बिंदूच्या ३०० मिलिमीटर पुढे नाकात शिसे लावायचे तर ४० ग्रॅम लागेल. २०० ग्रॅमची बॅटरी ६० मिलिमीटर पुढे सरकवली, तर एक ग्रॅमही न वाढवता तेवढेच काम होते. म्हणून आधी बॅटरी सरकवावी, शिसे शेवटी. शेपटीकडे हात आखडता का घ्यावा, तेही यातूनच कळते. इष्ट बिंदूच्या ६०० मिलिमीटर मागे १० ग्रॅम जास्तीचा डिंक किंवा रंग चढला, की नाकात २० ग्रॅम भरावे लागतात.

त्यानंतर आडवा तोल. नाकाचे टोक आणि शेपूट यांवर विमान धरले असता एकच पंख पुन्हापुन्हा खाली जात असेल, तर दुसऱ्याच्या टोकाला लहानसे वजन लावतात. त्याआधी पंखाला पीळ नाही ना, हे मागून नजर लावून पाहावे. पिळलेला पंख वजनाने सरळ होत नाही.

नियंत्रणे तपासताना विमानाच्या मागे उभे राहावे. समोरून डावे-उजवे उलटे दिसते आणि घोटाळा होतो. हातातल्या ट्रान्समीटरची दांडी उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग) वर, डावा खाली. दांडी स्वतःकडे ओढली की एलिव्हेटर वर. रडरची (शेपटीच्या उभ्या पृष्ठाच्या हलत्या भागाची) दांडी उजवीकडे नेली की रडरची मागची कड उजवीकडे. उलटा जोडलेला एलेरॉन विमान जमीन सोडताच पाडतो. सर्व्हो (पृष्ठे हलवणाऱ्या लहान मोटरी) मध्यावर असताना पृष्ठे पंखाशी व शेपटीशी सरळ रेषेत आहेत का, बिजागऱ्या ओढून सुटत नाहीत ना आणि सर्व्होला पृष्ठाशी जोडणाऱ्या पुशरॉडला ढिलेपणा नाही ना, हेही पाहावे.

टेबलावर मोटर बॅटरीला जोडलेली असेल, तर प्रोपेलर काढून ठेवावा. लिथियम-पॉलिमर बॅटरीचा प्रत्येक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो, म्हणजे तीन सेलची बॅटरी १२.६ व्होल्ट. फुगलेली बॅटरी वापरू नये.

चालू करताना आधी ट्रान्समीटर, मग विमान. बंद करताना आधी विमान, मग ट्रान्समीटर. रेडिओचा पल्ला तपासताना ट्रान्समीटर कमी शक्तीवर ठेवून, निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेल्या अंतरावरून सर्व पृष्ठे हलवून पाहतात. नंतर प्रोपेलर काढलेल्या स्थितीतच ट्रान्समीटर बंद करून मोटर आपोआप थांबते का, हे पाहतात. संपर्क तुटल्यास विमान लोकांच्या अंगावर जाऊ नये म्हणून ही सोय असते.

मैदानावर वारा मंद असावा आणि उड्डाण वाऱ्याच्या समोर करावे. भारतात २०२१च्या ड्रोन नियमांनुसार विमानप्रतिकृती नजरेच्या टप्प्यातच उडवायची असते, त्यामुळे जागाही तशी मोकळी निवडावी. पुरेशी उंची गाठल्यावर मध्यम वेगात ट्रिम करून विमान हात न लावता सरळ जाईल असे करतात. मग थ्रॉटल कमी करून उतरत्या दिशेने सोडून दिले असता ते जोराने वर उठले तर नाक अजून जड आहे. आणखी खोल जाऊ लागले, तर शेपूट जड आहे आणि लगेच सावरून उतरवावे. सुधारणा बॅटरी काही मिलिमीटर सरकवून करायची आणि नवी जागा खुणेने नोंदवायची, म्हणजे पुढच्या प्रत्येक उड्डाणाला बॅटरी त्याच जागी बसते.