प्रयोगशाळेतला पैसा पाड्यावर पोहोचलाच पाहिजे!

आकाशात अग्निबाण झेपावला, की आमच्या चळवळीतील काही कार्यकर्ते हमखास विचारतात, 'गोरगरिबांना दोन वेळची भाकर नाही आणि सरकार विज्ञानावर कोट्यवधी रुपये कशाला उधळते?' विचारणाऱ्यांची तळमळ खरी आहे. परंतु विज्ञानावर सरकारने खर्च केला नाही, तर सर्वांत मोठे नुकसान श्रीमंतांचे नव्हे, आमचेच होते, असे आमचे स्पष्ट मत आहे. याचा पुरावा धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातच मिळतो.

साक्रीहून पश्चिमेला, पिंपळनेरच्या पुढे डोंगराळ पट्टा लागतो. भिल्ल, कोकणा, मावची समाजाची ही वस्ती. खानदेशच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आजार पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून आहे. रक्तातील तांबड्या पेशी गोल न राहता विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. सांधे ठणकतात, अंगातले रक्त कमी होते, पोराची शाळा सुटते, मजुरी होत नाही. उपचार मिळाले नाहीत तर कोवळ्या वयात जीव जातो.

हा आजार केवळ आदिवासींचा नाही. विदर्भात पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजातही तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलची नोंद केली. हे कोणाच्या पूर्वजन्मीचे पाप नव्हे आणि कोणत्या जातीचा दोषही नव्हे. ज्या मुलखात हिवतापाने माणसे मरत, तेथे या जनुकाची एकच प्रत अंगात असलेली माणसे हिवतापातून तगली, म्हणून ते जनुक टिकले. आई-बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणूनच आम्ही सांगतो, लग्न जुळवताना पत्रिका नको, रक्ताचा अहवाल पाहा!

हे सारे आम्हाला कळले कसे? १९१० साली शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या पेशी प्रथम नोंदविल्या. १९४९ साली लायनस पॉलिंग यांनी हिमोग्लोबिनच्या रेणूतच बिघाड असल्याचे दाखविले. पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इनग्राम यांनी त्या रेणूतील नेमका एक बदललेला घटक शोधला. ते काम ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या, म्हणजे सरकारी पैशावर चालणाऱ्या केंब्रिजमधील पथकात झाले. हायड्रॉक्सियुरिया हे रसायन १८६९ सालीच जर्मनीत तयार झाले होते. ते सिकलसेलच्या वेदना कमी करते, हे सिद्ध करणारी मोठी चाचणी अमेरिकन सरकारच्या आरोग्य संस्थेने केली. तिचे निष्कर्ष १९९५ साली आले आणि १९९८ मध्ये औषधाला मान्यता मिळाली. रसायन ते औषध, १२९ वर्षे! यापैकी एकाही संशोधकाला साक्री ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरी त्यांच्या कामाची गोळी आज आमच्या पोराची वेदना कमी करते.

एवढी वर्षे कोणता व्यापारी थांबला असता? गरीब रोगी हा बाजाराच्या दृष्टीने गिऱ्हाईकच नसतो. आजार मुळापासून बरा करू पाहणाऱ्या जनुकोपचाराला अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. एका रोग्यासाठी त्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे सुमारे १८ कोटी रुपये ठरली! अशा वेळी दिल्लीच्या सरकारी प्रयोगशाळेने, सीएसआयआरच्या जीनोमिकी संस्थेने, 'बिरसा १०१' हा देशी जनुकोपचार विकसित केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो जाहीर झाला आणि पुढील कामासाठी त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला देण्यात आले. आम्ही याचे स्वागत करतो. परंतु नाव बिरसाचे आणि किंमत सावकाराची, असे होता कामा नये. संशोधनाला जनतेचा पैसा लागला आहे, म्हणून किमतीची मर्यादा करारातच हवी आणि तो करार जनतेसमोर हवा.

आपला देश संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करतो, असे सरकारचीच २०२०-२१ ची आकडेवारी सांगते. दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या आसपास खर्च करतो. जुलै २०२५ मध्ये केंद्राने खासगी क्षेत्रातील संशोधनासाठी एक लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्या पैशातून जे निर्माण होईल, त्यावर दलित-आदिवासींचा हक्क कोणत्या कलमात लिहिला आहे, हे विचारायला नको काय? सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचे संविधानाचे ४७ वे कलम सांगते.

बाबासाहेब यापुढे गेले होते. १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्यांची मागणी केली. स्वतः नामांकित बॅरिस्टर असूनही केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी समाज वर येणार नाही, असे त्यांनी मांडले. आम्हा वकिलांनी हे विसरू नये. आमची मुले केवळ रक्ताचे नमुने देणारी नकोत, ते तपासणारी आणि संशोधनाचे विषय ठरवणारीही हवीत.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने २०४७ पर्यंत सिकलसेल निर्मूलनाचे आणि सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे. तपासणी म्हणजे उपचार नव्हे. साक्रीचा मजूर ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला गेला, की गोळीचा क्रम तुटतो. कार्ड दाखवताच कोणत्याही जिल्ह्यात, कोणत्याही राज्यात गोळी मिळाली पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्याचे प्रमाणपत्र हेलपाट्यांविना मिळाले पाहिजे.

कार्यकर्त्यांनी प्रत्येक ग्रामसभेत हा विषय घ्यावा. आपल्या आरोग्य केंद्रात किती जणांची तपासणी झाली, किती रोगी सापडले, किती महिने गोळ्या नव्हत्या, याची माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली लेखी मागावी. विज्ञानाला पैसा द्या, असे ठणकावून सांगणे आणि त्या पैशाचा हिशेब मागणे, ही दोन्ही कामे आता चळवळीचीच आहेत.