पित्तमार्गाचे कर्करोग : आयुर्मर्यादेचे अनुमान आणि भारतीय नोंदी

कर्करोगाचे निदान झाल्यावर रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारतात तो उपचारांचा असतो, आणि दुसरा, बहुधा रुग्णाला बाहेर बसवून विचारलेला, किती काळ उरला आहे हा. पित्ताशय आणि पित्तनलिका यांच्या कर्करोगात हा दुसरा प्रश्न विशेष तीव्र असतो; कारण हे आजार बहुतांशी उशिरा उघडकीस येतात आणि त्यांची गती वेगवान असते. जमीन गहाण टाकून महानगरातील रुग्णालयात जावे, की घराजवळ राहून वेदनाशमनावर भर द्यावा, असे निर्णय या उत्तरावर अवलंबून असतात. वैद्यकशास्त्र हे उत्तर कोणत्या आधारावर देते आणि भारतीय रुग्णांच्या बाबतीत तो आधार कोठे अपुरा पडतो, याचा विचार या लेखात केला आहे.

आजाराचे भौगोलिक स्वरूप

यकृतात तयार होणारे पित्त बारीक नलिकांच्या जाळ्यातून मुख्य पित्तनलिकेत येते, पित्ताशयात साठते आणि लहान आतड्यात उतरते. या मार्गावर कोठेही उद्भवणाऱ्या कर्करोगांचा एकत्रित निर्देश 'पित्तमार्गाचे कर्करोग' असा केला जातो. जगाच्या नकाशावर त्यांची वाटणी अत्यंत विषम आहे. ईशान्य थायलंडमध्ये कच्चे मासे खाण्यातून शरीरात शिरणाऱ्या यकृत-कृमीमुळे पित्तनलिकेचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळतो. पित्ताशयाच्या कर्करोगासाठी दक्षिण अमेरिकेतील चिली हा देश आणि भारतातील गंगेचे खोरे हे दोन प्रदेश ओळखले जातात. दिल्ली, उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल आणि आसाम या पट्ट्यात त्याचे प्रमाण दक्षिण व पश्चिम भारताच्या तुलनेत कितीतरी अधिक आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो. बहुसंख्य रुग्णांना पित्ताशयात खडे असतात, परंतु खडे असलेल्यांपैकी फारच थोड्यांना कर्करोग होतो. म्हणजे खडे हे एकमेव कारण नव्हे.

मार्गावरील जागा बदलली की अनुमानही बदलते. पित्तनलिका आतड्यात जेथे उघडते त्या मुखाशी अर्बुद वाढले तर प्रवाह अडून लवकर कावीळ होते, रुग्ण लवकर तपासणीस येतो आणि शस्त्रक्रिया शक्य होण्याची संधी वाढते. पित्ताशयातील अर्बुद मात्र पुष्कळ काळ काहीच जाणवू देत नाही. पोटात उजवीकडे जडपणा, अपचन अशा तक्रारींना 'पित्त झाले' म्हणून घरगुती उपाय केले जातात. कावीळ दिसू लागते तोपर्यंत रोग यकृतात किंवा पित्तनलिकेत शिरलेला असतो, आणि तेव्हाही कित्येक आठवडे कावीळ उतरविणाऱ्याकडे जातात.

टप्पा : अनुमानाचा पाया

अनुमानाचा सर्वांत जुना आणि आजही सर्वांत भरवशाचा आधार म्हणजे रोगाचा टप्पा. फ्रेंच शल्यचिकित्सक पिएर दनवा यांनी १९४० च्या दशकात मांडलेल्या 'टीएनएम' पद्धतीत अर्बुदाची खोली, लसिकाग्रंथींतील प्रसार आणि दूरच्या अवयवांतील प्रसार या तीन गोष्टी पाहिल्या जातात. पित्ताशयाची भिंत अगदी पातळ असते, म्हणून येथे मिलिमीटरचाही फरक महत्त्वाचा ठरतो. रोग सर्वांत आतल्या अस्तरापुरता असेल तर पित्ताशय काढून टाकणे बहुधा पुरेसे होते. तो स्नायूच्या थरात पोहोचला असेल तर यकृताचा लगतचा भाग आणि लसिकाग्रंथीही काढाव्या लागतात. २०१७ च्या सुमारास अमलात आलेल्या आठव्या आवृत्तीत आणखी एक भेद करण्यात आला : अर्बुद पित्ताशयाच्या यकृताकडील बाजूस आहे की मोकळ्या बाजूस. यकृताकडील बाजूचे अर्बुद अधिक घातक ठरते, असे अभ्यासांतून दिसून आले होते. लसिकाग्रंथींच्या बाबतीतही जागेऐवजी संख्या मोजण्याचे ठरले. रोगग्रस्त ग्रंथी तीनपर्यंत असल्यास एक गट, चार किंवा अधिक असल्यास दुसरा. त्यासाठी किमान सहा ग्रंथी काढून तपासाव्यात अशी शिफारस आहे.

टप्प्यामुळे किती फरक पडतो, याची कल्पना अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदणीवरून येते. तेथे पित्ताशयापुरत्या मर्यादित कर्करोगात पाच वर्षांची सापेक्ष अतिजीविता सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांत आढळते; रोग दूरच्या अवयवांत पसरलेला असेल तर ती सुमारे ३ टक्क्यांवर येते. आजार एकच, परंतु एवढे अंतर.

मात्र टप्पा ठरविण्यासाठी आधी ऊतींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली पाहिजे. खड्यांसाठी काढलेल्या पित्ताशयात अनपेक्षितपणे कर्करोग सापडण्याचे प्रसंग उत्तर भारतात दुर्मिळ नाहीत. काढलेले पित्ताशय फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून विकृतिशास्त्र प्रयोगशाळेकडे धाडले तरच तो सापडतो. लहान शहरांतील अनेक शुश्रूषागृहांत खडे नातेवाईकांच्या हाती दिले जातात आणि पित्ताशय टाकून दिले जाते. काही महिन्यांनी रुग्ण कावीळ घेऊन परत येतो, तेव्हा पहिल्या टप्प्याची संधी निघून गेलेली असते. नव्या औषधांची चर्चा पुष्कळ होते. त्या मानाने अत्यल्प खर्चाच्या या तपासणीकडे फारच कमी लक्ष दिले जाते, हे खेदाने नमूद करावे लागते.

टप्प्याखेरीज इतर घटकही पाहिले जातात. शस्त्रक्रियेत कापलेल्या कडेवर सूक्ष्म रोग उरला आहे काय, रक्तातील बिलिरुबिन व अल्ब्युमिन किती, रुग्ण स्वतःची कामे करू शकतो की दिवसाचा बराच वेळ अंथरुणावर असतो, हे सर्व विचारात घेतात. शेवटच्या बाबीसाठी शून्य ते पाच अशी 'ईकॉग' श्रेणी वापरली जाते. ती साधी असली तरी पुष्कळदा महागड्या चाचण्यांपेक्षा अधिक सांगून जाते. 'सीए १९-९' हा रक्तातील घटक मोजण्याचीही प्रथा आहे, पण तो जपून वाचावा लागतो. निव्वळ पित्त अडल्यानेही तो वाढतो, आणि काही व्यक्तींच्या शरीरात जन्मतःच तो तयार होत नाही. अशा व्यक्तीचा कमी आकडा दिलासादायक मानणे चूक ठरेल.

आकडा कसा तयार होतो

रुग्णांच्या एका गटाचा वर्षानुवर्षे मागोवा घेऊन अतिजीविता काढतात. अडचण अशी की अभ्यास संपतो तेव्हा काही रुग्ण हयात असतात, तर काहींचा संपर्कच तुटलेला असतो. अशा अपुऱ्या नोंदी टाकून न देता त्यांचा उपयोग कसा करावा, हे एडवर्ड कॅप्लान आणि पॉल मायर या संख्याशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये दाखवून दिले.

उदाहरणादाखल १०० रुग्ण घेऊ. पहिल्या तीन महिन्यांत २० दगावले; अतिजीविता ८० टक्के. त्यानंतर १० जणांचा संपर्क तुटला आणि ७० जण निरीक्षणाखाली राहिले. पुढील तीन महिन्यांत त्यांपैकी १४ दगावले, म्हणजे या अवधीत ८० टक्के तगले. दोन्ही अवधींचा गुणाकार केला की सहा महिन्यांची अतिजीविता ६४ टक्के येते. या रीतीत एक गृहीत दडलेले आहे : संपर्क तुटलेले दहा जण उरलेल्या सत्तरांसारखेच असणार. ते दहाही जण घरी मरण पावले असतील तर खरी अतिजीविता ५६ टक्केच ठरते. हा फरक लक्षात ठेवावा, कारण भारतीय परिस्थितीत तोच कळीचा आहे.

अशा आलेखावरून 'मध्यक' काढतात. निम्मे रुग्ण जितक्या काळाच्या आत दगावतात तो काळ. मध्यक म्हणजे रुग्णाला दिलेली मुदत नव्हे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील 'एबीसी-०२' चाचणीत पित्तमार्गाच्या प्रगत कर्करोगाच्या ४१० रुग्णांचा समावेश होता. केवळ जेमसिटाबिन दिलेल्यांत मध्यक अतिजीविता ८.१ महिने, तर जोडीला सिसप्लाटिन दिलेल्यांत ११.७ महिने होती. पुढे या जोडीत ड्युर्व्हालुमॅब हे प्रतिकारशक्तीला चालना देणारे औषध मिळविण्यात आले, आणि २०२२ मध्ये 'टोपाझ-१' चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मध्यक ११.५ वरून १२.८ महिन्यांवर गेला. वाढ जेमतेम सव्वा महिन्याची दिसते. परंतु दोन वर्षांनी हयात असलेल्यांचे अंदाजित प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २४.९ टक्के झाले होते. म्हणजे लाभ सर्वांना थोडाथोडा न मिळता काही मोजक्या रुग्णांना मोठा मिळाला. एकटा मध्यक ही गोष्ट लपवून ठेवतो, म्हणून संपूर्ण आलेख पाहणे आवश्यक असते.

गटाकडून व्यक्तीकडे येण्यासाठी ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड कॉक्स यांच्या १९७२ मधील पद्धतीचा आधार घेतला जातो. वय, टप्पा, ग्रंथींची संख्या, बिलिरुबिन अशा प्रत्येक घटकामुळे मृत्यूची जोखीम किती पटीने वाढते, हे तिच्या साहाय्याने वेगवेगळे करून पाहता येते. हे गुणक मोजपट्ट्यांच्या रूपात कागदावर मांडले की 'नोमोग्राम' तयार होतो. प्रत्येक पट्टीवरील गुण मिळवायचे आणि बेरजेसमोरील शक्यता वाचायची. चीनमध्ये यकृतांतर्गत पित्तनलिकेच्या कर्करोगासाठी रचलेला असा एक नोमोग्राम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा अचूकता-निर्देशांक ०.७४ होता. अर्थ असा, की कोणत्याही दोन रुग्णांपैकी आधी कोण दगावेल हे सांगताना १०० जोड्यांपैकी सुमारे ७४ जोड्यांत उत्तर बरोबर येते. नाणे उडवून सांगितले तरी ५० जोड्यांत ते बरोबर येतेच. उत्तम साधनाचीही मर्यादा ही एवढी आहे.

परक्या मोजपट्ट्या, आपले रुग्ण

असे बहुतेक नोमोग्राम अमेरिका, चीन, जपान किंवा कोरिया येथील रुग्णांवर बेतलेले आहेत, आणि त्यांपैकी बरेच शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवर. गंगेच्या खोऱ्यातील बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेल्यावर रुग्णालयात पोहोचतात. आजारही वेगळा आहे. तेथे अभ्यासला गेलेला रोग पुष्कळदा पित्तनलिकेचा, येथील मुख्यतः पित्ताशयाचा. एका लोकसंख्येवर तयार झालेली मोजपट्टी दुसऱ्या लोकसंख्येवर पडताळून पाहिल्याशिवाय वापरणे शास्त्रीयदृष्ट्या समर्थनीय नाही.

आपल्या रुग्णांचा अभ्यास आपणच केला तर काय हाती येते, याचे उदाहरण दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने घालून दिले आहे. शस्त्रक्रिया अशक्य असलेल्या पित्ताशय-कर्करोगाच्या ८१ रुग्णांचे तेथे तीन गट करण्यात आले. केवळ लक्षणे शमविणारे उपचार मिळालेल्या गटात मध्यक अतिजीविता ४.५ महिने होती आणि जुन्या रसायनोपचाराने ती ४.६ महिने, म्हणजे जवळजवळ तेवढीच राहिली. जेमसिटाबिन व ऑक्सालिप्लाटिन यांच्या गटात मात्र ती ९.५ महिने झाली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या लहानशा चाचणीमुळे नातेवाईकांच्या त्या दुसऱ्या प्रश्नाला भारतीय आकड्यांत उत्तर देता आले. कोणता रसायनोपचार खर्च करण्याजोगा आहे आणि कोणता नाही, हेही तिने दाखविले.

नोंदणीचा प्रश्न

चाचणीत निवडक रुग्ण असतात. संपूर्ण समाजाचे चित्र लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणीतूनच मिळते. भारतातील अशी पहिली नोंदणी मुंबईत १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम १९८१-८२ पासून चालू आहे. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली. रुग्ण येण्याची वाट न पाहता कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन माहिती घेण्याची तिची रीत होती. पित्ताशयाच्या कर्करोगाच्या मुख्य पट्ट्यात मात्र नोंदण्यांचे जाळे दीर्घकाळ विरळ राहिले. वाराणसी येथे टाटा स्मारक केंद्राची रुग्णालये २०१९ मध्ये सुरू झाली, आणि पूर्व उत्तर प्रदेश व बिहारच्या रुग्णांना मुंबईचा प्रवास टाळण्याची सोय झाली. घराजवळ उपचार मिळाला की रुग्णाचा पुढील मागोवा घेणेही सोपे होते.

आजार नोंदविला जाणे हा अर्धा भाग झाला. अतिजीविता काढण्यासाठी मृत्यूचीही नोंद लागते. देशात २०२० मध्ये नोंदविल्या गेलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झालेले होते. पित्ताशयाच्या कर्करोगाची रुग्ण स्त्री दोन-तीन वेळा रुग्णालयात येते, पुढे येत नाही, गावी मरण पावते, आणि रुग्णालयाच्या दप्तरात तिची नोंद 'संपर्क तुटला' एवढीच राहते. वरील उदाहरणातील दहा रुग्ण ते हेच. अशा नोंदींवर काढलेला आलेख वस्तुस्थितीपेक्षा आशादायक दिसतो, आणि त्यावर विसंबून कुटुंबे कर्ज काढतात. म्हणूनच भारतीय नोंदण्यांतील कर्मचाऱ्यांना पत्रे पाठवून, दूरध्वनी करून आणि प्रसंगी दारोदार जाऊन रुग्ण हयात आहे की नाही, याची खात्री करून घ्यावी लागते.

जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ मध्ये २०२३ साली करण्यात आलेल्या दुरुस्तीने या नोंदींच्या राष्ट्रीय स्तरावरील डिजिटल संचाची तरतूद केली आहे. दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. या संचाशी कर्करोग नोंदणीची सांगड घातली गेली तर बलियातील किंवा छपऱ्यातील गावात झालेला मृत्यू वाराणसीच्या दप्तरापर्यंत पोहोचू शकेल. त्यासाठी रुग्णाच्या माहितीची गोपनीयता राखणारी पद्धत ठरवावी लागेल आणि मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिणारा प्रशिक्षित डॉक्टर गावाच्या आवाक्यात असावा लागेल. यांपैकी दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे.