फ्रेंच क्रियापदे कशी तोडायची, कशी म्हणायची?

मागच्या महिन्यात आठवीतल्या एका मुलाची वही पाहिली. फ्रेंच शब्दाखाली पेन्सिलीने देवनागरीत लिहिलं होतं, 'पार्लेंट'. आईने घरी बसवून पाठ करून घेतलेलं. तोंडी परीक्षेत तो तसंच म्हणाला, वर्ग हसला. आता तो फ्रेंचच्या तासाला तोंडच उघडत नाही. आईला तरी काय दोष द्यायचा? लिहिलंय तसं वाचायचं, ही आपली सवय.

पण आपण तरी तसं वाचतो का? 'घर' लिहिताना र पूर्ण, म्हणताना 'घर्'. अक्षरं दोन, टाळी एकच. एक टाळी म्हणजे एक सिलॅबल. मुलांना इथूनच शिकवायला घ्या.

'पार्ले' म्हणजे बोलणे. वर्तमानकाळात 'मी' आणि 'तो'च्या रूपाला शेवटी ई लागतो, 'तू'ला ई-एस, 'ते'ला ई-एन-टी. कानाला मात्र चारही सारखी : 'पार्ल्'. टाळी एकच. 'आम्ही'चं रूप 'पार्-लोँ', 'तुम्ही'चं 'पार्-ले', इथे टाळ्या दोन. 'लोँ'मध्ये न म्हणायला जीभ टाळूला लावायची नाही, स्वरच नाकातून सोडायचा.

तोडताना दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराकडे जातं. दोन असतील तर वाटून घ्यायची, पण दुसरं र किंवा ल असेल तर बहुधा जोडी फोडत नाहीत : 'मोँ-त्रोँ', आम्ही दाखवतो. 'आम्ही संपवतो' लिहिताना दोन एस येतात, ऐकू एकच येतो : 'फि-नि-सोँ'. या क्रियापदात अनेकवचन कानाला कळतंसुद्धा. तो 'फि-नि', ते 'फि-निस्'.

ई-एन-टी गप्प बसतं ते फक्त क्रियापदाच्या 'ते'/'त्या' रूपात, हे मुलांना जरूर सांगा. नाहीतर ती 'मो-माँ' म्हणजे क्षण, याचंही शेपूट कापतात. एकाच स्पेलिंगचे दोन शब्दही आहेत : मठ या अर्थी 'कू-व्हाँ', आणि कोंबड्या अंडी उबवतात तेव्हा नुसतं 'कूव्ह्'.

क्रियापद स्वराने सुरू झालं तर आधीचं व्यंजन त्याला चिकटतं. 'तो प्रेम करतो' : 'इ-लेम्'. 'ते प्रेम करतात' : 'इल्-जेम्', यातला ज 'जरा'मधला. एरवी मुका असलेला एस इथे बोलतो.

श्रुतलेखनात मी नुसतं 'इल् पार्ल्' कधीच देत नाही. एक की अनेक, मुलाला कळणार कसं? 'लाँ-फाँ पार्ल्' किंवा 'ले-जाँ-फाँ पार्ल्' असं देते, मूल बोलतं किंवा मुलं बोलतात. मग सुरुवात ऐकूनच शेवटचं ई-एन-टी लिहायचं की नाही ते ठरवता येतं.