बंद दारामागची मुलं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी कवितेचा माणूस, कायद्याचा नव्हे. तरी आज थोडं कायद्यावर बोलणार आहे, कारण शेजारच्या एका घराने मला ते वाचायला लावलं.

आमच्या म्हसळ्याकडे पुष्कळ घरांतले बाप आखाती देशांत. पैसा येतो, बाप येत नाही. पोरगा पंधरा-सोळाचा झाला, शाळा चुकवू लागला, गुटख्यापासून पुढे कशाकशाला लागला, की आई एकटी पडते. अशाच एका बाईने आपल्या मुलाला घाटावरच्या एका निवासी केंद्रात ठेवलं. ‘सहा महिन्यांत मुलगा सुधारून देऊ’ असं त्यांनी सांगितलं होतं. दरमहा फी. रविवारी पाच मिनिटं फोन, तोही कुणीतरी शेजारी बसलेलं असताना. मुलगा म्हणायचा, “अम्मी, बरा आहे.” सातव्या महिन्यात ती माणगाववरून एसटीने गेली आणि त्याला घेऊनच आली. पाठीवर वळ होते. ती मला म्हणाली, “भाई, मी पैसे देऊन मारायला ठेवला.” हा तिचा गुन्हा नव्हे, पण तिला ते कोण पटवणार?

मी चौकशी केली तेव्हा कळलं, की कायदे आहेत, चांगले आहेत. बाल न्याय कायदा, २०१५ सांगतो की काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेने नोंदणी केली पाहिजे. न केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. तपासणी समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा भेट द्यावी, पथकात किमान तिघं असावेत, त्यात एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी हवा, आणि अहवाल आठवड्याच्या आत द्यावा. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ तर दारू आणि अमली पदार्थांमुळे येणाऱ्या मानसिक अवस्थांनाही आजारात धरतो. त्यानुसार अल्पवयीन मुलाला मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं, त्याच्यासोबत घरचं किंवा जबाबदार माणूस सतत राहायचं, आणि दाखल केल्याची खबर ७२ तासांत मंडळाला द्यायची. आता सांगा, रविवारी पाच मिनिटांचा फोन कुठल्या कलमात बसतो?

मेख अशी, की असली केंद्रं स्वतःला बालगृह म्हणत नाहीत आणि दवाखानाही म्हणत नाहीत. कुणी ‘संस्कार केंद्र’ म्हणतं, कुणी वसतिगृह, कुणी शिबिर. आईबाप स्वतः आणून सोडतात, म्हणून सरकारी खात्याला वाटतं आपला संबंध नाही. पाटी बदलली की कायदाही बदलतो, असा हा हिशेब. तो बंद व्हायला हवा. पालकांनी फी भरली म्हणून मुलावरची देखरेख संपत नाही. अठरा वर्षांखालचं मूल घरापासून दूर, सुधारणेच्या नावाखाली रात्रंदिवस ठेवलं, तर पाटीवर काहीही असो, नोंद आणि तपासणी झालीच पाहिजे.

अर्थात नुसती नोंद पुरत नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यात पनवेलजवळ कळंबोलीला मतिमंद मुलींचं एक निवासी गृह होतं. ती मुलं वेगळी, पण कुलूप तेच. उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या भेटीनंतर २०११ मध्ये तिथला लैंगिक अत्याचार उघडकीस आला आणि २०१३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने संस्थाचालकासह सहा जणांना दोषी ठरवलं. पुढे बिहारमध्ये राज्य सरकारनेच टाटा समाजविज्ञान संस्थेच्या गटाकडून शंभराहून अधिक निवासगृहांची पाहणी करवून घेतली, तेव्हा २०१८ मध्ये मुझफ्फरपूर कळलं. दोन्हीकडे बाहेरचा माणूस आत गेला आणि मुलांशी बोलला. चहा पिऊन रजिस्टर पाहणारी तपासणी मला मान्य नाही. न कळवता जावं, मुलांशी एकट्याने बोलावं, जेवणाच्या वेळी जावं.

इलाजाच्या नावाखाली बांधून ठेवण्याची सवय जुनी आहे. तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका गृहात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. दर्ग्यावर श्रद्धेने येणाऱ्या माझ्यासारख्यांनी ही तारीख विसरू नये. २०१७ च्या कायद्याने कुठल्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली, ती सोळा वर्षांनी. अमेरिकेतही खासगी ‘सुधार’ शाळांत राहून आलेली मुलं मोठी होऊन वर्षानुवर्षं बोलत राहिली, त्यांत पॅरिस हिल्टन ही प्रसिद्ध बाईही होती. तेव्हा कुठे डिसेंबर २०२४ मध्ये तिथे देशपातळीवर कायदा झाला. श्रीमंतांच्या मुलांनाही इतका वेळ लागला.

कुणी म्हणेल, सरकार घुसलं की चांगली केंद्रंही बंद पडतील. पुण्याचं ‘मुक्तांगण’ १९८६ पासून दार उघडं ठेवून चाललं आहे. चांगल्या केंद्राला पाहुण्याची भीती कशाला?

त्या बाईने मला विचारलं, अर्ज कुठे करू? मी म्हटलं, १०९८ वर फोन करा, आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे लेखी द्या. अर्ज मीच लिहिला आहे. तो अलिबागला द्यायचा की केंद्र ज्या जिल्ह्यात आहे तिथे, यावर दोन दिवस गेले. आता दोन्हीकडे पाठवतो आहोत. मुलगा सध्या दिघीला मामाच्या होडीवर जातो. रात्री झोपताना दाराला कडी लावू देत नाही.