विवादी सूर
संगीतशास्त्रात वादी स्वराला राजा, संवादीला प्रधान आणि विवादीला शत्रू म्हणतात. पण हा शत्रू परका नव्हे, त्याच सप्तकातला. हे शिकविताना मला ‘भावबंधना’तला घनश्याम आठवतो. (गडकऱ्यांचा जन्म १८८५ सालचा, नवसारीचा, म्हणजे आपल्याच बडोदे संस्थानातला; नाटक पुरे झाले १९१९ साली, त्यांच्या अखेरच्या दिवसांत.) ‘कीचकवधा’तल्या कीचकाचा तिटकारा येतो आणि आपण सुटतो. घनश्यामाच्या बाबतीत तशी सोय नाही. लतिकेने केलेला अपमान त्याच्या जिव्हारी लागला. सुडापायी त्याने निरपराध माणसेही वेठीस धरली. सूड अधम खराच, पण अपमानही खोटा नव्हता, हीच पंचाईत! चिंतामणराव कोल्हटकरांनी ही भूमिका गाजविली. असे अपमान जपून ठेवणारी माणसे मी आपल्या वाड्यांतूनही पाहिली आहेत. चांगली, पूजाअर्चा करणारी.