गढूळ पाण्यातली टॉर्च : आकडा नव्हे, झोत पाहा

२७ जुलै २०१९ रोजी पालेगावपासून जवळच, बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, तेव्हा नौदलाचे पाणबुडेही आले होते. त्यांना सामान सरकारचे. पदरच्या पैशाने टॉर्च घेऊन उल्हास नदीत उतरणाऱ्याने मात्र माल पारखूनच घ्यावा.

ल्युमेनच्या आकड्याला भुलू नये. पसरट उजेड मातीच्या कणांवरून उलटा डोळ्यांवर येतो, धुक्यातल्या गाडीच्या दिव्यासारखा. झोत अरुंद हवा. आम्ही कापड उजेडात नेऊन पारखतो. टॉर्च अंधाऱ्या खोलीत भिंतीवर पारखावी.

१८६५० नंबरच्या सेलवर ९९०० एमएएच छापले असेल तर छपाई खोटी. चांगला सेलही ३५०० च्या आसपासच थांबतो. नुसत्या ‘वॉटरप्रूफ’वर जाऊ नये, किती मीटर ते विचारावे. रबरी रिंगेत केस अडकला तरी पाणी आत शिरते.